विमानाने धोकादायक माल पाठवताय? आधी झाकण बघा, मग पट्टा

फोनवर बहुतेक ग्राहक एकच विचारतात, "माल विमानात घट्ट बांधतील ना?" बांधतात, त्याची काळजी नको. पॅलेट म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यावर जड खोकी खाली, हलकी वर अशी रचतात, वरून नेट ओढतात आणि पॅलेट विमानाच्या फरशीतल्या लॉकमध्ये अडकवतात. वेगळ्याने बांधायच्या नगाला पट्टे लावतात. नेहमीच्या वापरातला एक पट्टा ५,००० पौंड, म्हणजे जवळजवळ २,२७० किलोंचा ताण पेलतो.

पण पट्टा खोकं धरतो. खोक्यातली बाटली धरायला तिथे कोणी नसतं. ते काम तुमच्या गोदामातच व्हायला हवं, म्हणून हे पत्रक.

एक लिटरची द्रवाची बाटली घ्या. काठोकाठ भरू नका. ५५ अंश सेल्सियसला द्रव फुगला तरी आत थोडी जागा उरली पाहिजे. झाकण पिळून घट्ट करा आणि ते फिरू नये म्हणून वरून टेप लावा. विमान वर गेलं की बाहेरचा दाब उतरतो आणि आतला द्रव झाकणाला ढकलू लागतो. म्हणूनच द्रवाच्या बाटलीने साधारणपणे ९५ किलोपास्कलचा दाबफरक न गळता सोसावा, असा नियम आहे. जमिनीवर आठवडाभर न गळलेली बाटली वर गेल्यावर गळू शकते ती याच कारणाने. मग बाटली पिशवीत, भोवती शोषक, म्हणजे गळलेला द्रव टिपून घेणारा भराव, आणि सगळं खोक्यात. आमची शेवटची परीक्षा अगदी गावठी आहे: खोकं कानाशी धरून हलवतो. खुळखुळलं की परत.

शोषक कुठलंही चालत नाही. १९७३ साली बोस्टनला एक मालवाहू बोइंग ७०७ उतरता उतरता कोसळलं आणि तिघे वैमानिक कर्मचारी गेले. विमानात नायट्रिक ॲसिडच्या काचेच्या बाटल्या होत्या, भोवती लाकडाचा भुसा भरलेला. ॲसिड गळून भुशाशी पेटलं आणि कॉकपिट धुराने भरलं, असं तपास करणाऱ्यांचं मत पडलं. न जळणारं व्हर्मिक्युलाइट हे खनिज वापरायचं सोडून भुसा भरला होता. तेव्हा "घरात होतं ते भरलं" हे उत्तर आम्ही ऐकून घेत नाही.

खोक्यावरच्या यूएन चिन्हाबद्दलही, म्हणजे खोकं चाचण्यांत उतरल्याच्या खुणेबद्दल, गैरसमज फार. मध्यम धोक्याच्या, म्हणजे पॅकिंग ग्रुप दोनच्या मालाचं खोकं १.२ मीटरवरून आपटून आणि ३ मीटर उंच थप्पीचा भार २४ तास देऊन तपासलेलं असतं. मात्र ते ठरावीक बाटल्या आणि ठरावीक भरणीसकट. बाटली मनाने बदललीत तर त्या चिन्हाला अर्थ उरत नाही.

आता कागद. १९९६ मध्ये फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचं प्रवासी विमान दलदलीत कोसळून ११० जण मेले. सामानाच्या कप्प्यात टायरांच्या संगतीने ऑक्सिजन जनरेटर (प्रवाशांच्या मास्कसाठी ऑक्सिजन तयार करणारे, चालू झाले की खूप तापणारे डबे) होते, चालू होऊ नयेत म्हणून लावायच्या टोप्यांशिवाय. कागदावर मात्र ते 'रिकामे' होते. खरं लिहिलं असतं तर ते विमानात चढलेच नसते. डिक्लेरेशनवरून, म्हणजे मालात काय आहे ते तुम्ही लिहून देता त्या कागदावरून, माल कशाशेजारी ठेवायचा नाही ते ठरतं आणि वैमानिकाला कुठल्या कप्प्यात काय आहे याची लेखी सूचना जाते. तुम्ही लपवलंत तर त्या सूचनेत ते येणारच कुठून?

सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, म्हणजे यूएन ३४८० (धोकादायक मालाचा ओळख क्रमांक), एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून जात नाहीत. मालवाहू विमानात जातात, पण चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको. ग्राहकाला भरलेली बॅटरी मिळावी ही हौस समजते, पण इथे ती चालणार नाही. प्रत्येक बॅटरीची टोकं झाका; दोन उघडी टोकं एकमेकांना लागली की शॉर्ट सर्किट, पुढचं सांगायला नको. ड्राय आइसचं (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचं) उलट आहे. ते खोकं हवाबंद करायचंच नाही, वायू बाहेर पडायला वाट ठेवा.

'या बाजूने वर' हे बाण समोरासमोरच्या दोन बाजूंना लावा, कारण थप्पीत एक बाजू झाकली जाते. जुनी लेबलं खरवडून काढा. गाडीत चढवताना कोपरा चेपला किंवा डाग दिसला तर टेप मारून पाठवू नका, आम्हाला कळवा. तसला नग लोडिंगवाले बाजूलाच काढतात आणि तुमचं विमान चुकतं.

बुकिंगच्या वेळी भाव विचारण्याआधी मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांची माहिती देणारं पत्रक, पाठवा. आम्ही ती उघडून थेट चौदावा विभाग बघतो, वाहतुकीचा. यूएन नंबर तिथेच असतो आणि बाकीचं बोलणं त्यानंतर.