स्मॉल बॅच बर्बनची पारख

स्मॉल बॅच बर्बन : मोजकी पिंपे एकत्र करून बाटलीत भरलेली अमेरिकी व्हिस्की. ‘मोजकी’ म्हणजे किती, हे अमेरिकेचा कायदा सांगत नाही. दहा पिंपांच्या मिश्रणाला हे नाव चालते आणि दोनशे पिंपांच्या मिश्रणालाही चालते. म्हणून परवडणारी बाटली, म्हणजे अमेरिकेत साधारण २५ ते ४० डॉलरची, निवडताना या दोन शब्दांवर भिस्त ठेवू नये. लेबलावरचे बाकीचे शब्द वाचावेत आणि शेवटचा कौल नाक-जिभेकडून घ्यावा.

बाकीच्या शब्दांना कायद्याचा भक्कम आधार आहे. बर्बन म्हणवून घ्यायचे तर धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि मद्य आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपात मुरवलेले हवे. बाटलीत मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांखाली जाता कामा नये. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान दोन वर्षे मुरलेली आणि पाण्याखेरीज काहीही न मिसळलेली. स्ट्रेट बर्बन चार वर्षांहून कोवळी असेल तर वय छापावेच लागते. म्हणजे लेबलावर वय नसेल, तर आतली व्हिस्की किमान चार वर्षांची आहे असे समजावे. वय छापलेले असेल, तर ते मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या पिंपाचे असते. ‘बॉटल्ड इन बाँड’ ही १८९७ च्या कायद्याची खूण : एकच गाळपघर (डिस्टिलरी), एकच हंगाम, सरकारी देखरेखीखालच्या कोठारात किमान चार वर्षे आणि मद्यार्क बरोबर ५० टक्के. कमी पैशांत खात्रीची बर्बन हवी असेल, तर प्रस्तुत लेखकाच्या मते ‘स्मॉल बॅच’पेक्षा ही खूण अधिक भरवशाची.

‘स्मॉल बॅच’ हे नाव रूढ केले ते व्हिस्की-उत्पादक जिम बीम यांचे नातू बुकर नो यांनी. १९८८ मध्ये त्यांनी ‘बुकर्स’ बाजारात आणली. १९९२ मध्ये ‘नॉब क्रीक’, ‘बेकर्स’ व ‘बेझिल हेडन्स’ यांच्यासह ‘स्मॉल बॅच’ नावाखाली एक मालिकाच निघाली. पुढे मागणी वाढली आणि जुनी पिंपे पुरेनाशी झाली. ‘एलायजा क्रेग स्मॉल बॅच’च्या लेबलावर पूर्वी १२ वर्षे असे वय असे, ते २०१६ मध्ये काढले गेले. नाव तेच राहिले, तरी बाटलीतला ऐवज बदलू शकतो, तो असा.

या दोन शब्दांना खरा अर्थ कधी येतो, हे ‘फोर रोझेस स्मॉल बॅच’वरून कळते. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लॉरेन्सबर्गच्या या गाळपघरात धान्याची दोन मिश्रणे आणि पाच प्रकारचे यीस्ट वापरतात, त्यामुळे दहा वेगवेगळ्या बर्बन तयार होतात. एका मिश्रणात राय हे धान्य २० टक्के, दुसऱ्यात तब्बल ३५ टक्के. स्मॉल बॅचसाठी या दहांपैकी चार निवडून मिसळतात आणि ४५ टक्के मद्यार्कावर बाटलीत भरतात. इथे कौशल्य आहे ते मिसळणाऱ्याच्या नाकाचे; पिंपांची संख्या दुय्यम ठरते.

चाखण्यासाठी तोंडाशी निमुळता पेला बरा. त्यात दोन बोटे बर्बन ओतून दहा मिनिटे तशीच ठेवावी. नाक पेल्यात खुपसू नये. नुसता मद्यार्क झोंबतो आणि पुढचे काही कळत नाही. पेला हनुवटीशी धरून, ओठ किंचित उघडे ठेवून हुंगावे. आधी येतो मक्याचा गोडवा, मग व्हॅनिला आणि काकवी. थोडे थांबले की लवंग व सुके खोबरे जाणवते. हे नुसते कल्पनेचे खेळ नव्हेत. ओकच्या लाकडातील लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाच्या वासाचे व्हॅनिलिन सुटते, लवंगेतले युजेनॉल त्याच लाकडात असते आणि खोबऱ्याचा वास ओकमधील लॅक्टोनचा असतो. इंग्रजी वर्णनात ‘कॅरमेल’ लिहिलेले असले, तरी आपल्या नाकाला गुळाची ढेप आठवली तर वहीत तेच लिहावे.

पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट चावल्यासारखा तोंडभर फिरवावा. बुकर नो यांच्या या सवयीला ‘केंटकी च्यू’ म्हणतात. गिळल्यावर छातीत पसरणाऱ्या उबेला तिकडे ‘केंटकी हग’ असे नाव आहे. ऊब वेगळी, घशाची आग वेगळी. नंतर पाण्याचे चार थेंब घालून पुन्हा हुंगावे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपांवरून दाखवले की, मद्यार्क सौम्य झाल्यावर ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो.

स्वस्त बर्बनचे दोष ठरलेले आहेत. कोवळी असेल तर कच्च्या कणकेचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो. पाणी जास्त असेल तर नाकाशी भरपूर वास आणि जिभेवर काहीच नाही. लाकडात जास्त राहिलेली बर्बन आवळ्यासारखी जीभ ओढते, पण आवळ्यानंतर पाणी गोड लागते तसे काही होत नाही. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते आणि रेंगाळताना बदलते का, यावर गुणांचा मोठा वाटा द्यावा. तीन बाटल्या दुसऱ्याकडून कागदात गुंडाळून घेऊन चाखल्या, तर किमतीचा प्रभाव बराच उतरतो.

‘परवडणारी’ हा शब्द मात्र अमेरिकेपुरता. भारताने बर्बनवरील आयातशुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आणले. तरी त्यावर राज्याचा कर चढतोच, आणि तीच बाटली मुंबईत चैनीच्या रांगेत जाऊन बसते.

एकदा वापरलेल्या पिंपात पुन्हा बर्बन मुरवण्याची मुभा नाही. ती रिकामी पिंपे स्कॉटलंडला जातात, तशी गोव्यातही येतात. पॉल जॉन ही गोव्याची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच गाळपघरात मोड आलेल्या जवापासून केलेली व्हिस्की, अशाच पिंपांत मुरते. ती चाखताना व्हॅनिला आणि खोबरे लागले, तर ते बर्बनच्या त्याच पिंपांतून आलेले असते.