फळमाशी संगरोध आणि काढणीपूर्व उपचार

फळमाशीमुळे निर्बंध असलेल्या क्षेत्रातून फळे बाहेर पाठवता यावीत, म्हणून फळ झाडावर असतानाच बागेत केल्या जाणाऱ्या नियमबद्ध नियंत्रणास काढणीपूर्व उपचार म्हणतात. काढणीनंतरच्या प्रक्रियेत फळातील अळी मारली जाते. काढणीपूर्व उपचाराचा रोख मात्र बागेत फिरणाऱ्या माशीवर असतो.

मादी पक्व होऊ लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खाऊन वाढतात आणि पुढे जमिनीत शिरून कोषावस्थेत जातात. सालीआडच्या अळीपर्यंत आमिष फवारणी पोहोचत नाही. मात्र अंडी परिपक्व होण्यासाठी मादीला प्रथिने लागतात, म्हणून प्रथिनयुक्त आमिषात मॅलेथिऑन किंवा स्पिनोसॅड हे कीटकनाशक मिसळून ते पानांवर ठिपक्यांसारखे फवारतात. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार, संगरोधित, म्हणजे निर्बंध घातलेल्या, क्षेत्रात असलेल्या पण प्रादुर्भावाच्या गाभ्याबाहेरच्या बागांत ही फवारणी काढणीपूर्वी किमान 30 दिवस सुरू करावी लागते आणि 6 ते 10 दिवसांच्या अंतराने काढणी संपेपर्यंत चालू ठेवावी लागते. फवारणीआधीच घातल्या गेलेल्या अंड्यांची व अळ्यांची वाढ तेवढ्या अवधीत पूर्ण व्हावी, असा त्यामागील हिशेब आहे.

मराठवाड्यात संगरोधाचे स्वरूप निराळे आहे. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही फळमाशी येथे सर्वत्र आढळत असल्याने एखाद्या गावाभोवती हद्द आखून काही साधत नाही. बंधन येते ते आयातदार देशाकडून. युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्यासह कारले, वांगे, पडवळ आणि अळू यांची आयात थांबवली होती व आंब्यावरील बंदी 2015 च्या आरंभी उठवली. निर्यातीच्या आंब्यास युरोपसाठी 48 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात 60 मिनिटे ठेवण्याची, तर अमेरिकेसाठी 400 ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) विकिरणाची प्रक्रिया प्रचलित आहे. केसर आंब्यासाठी जालना येथे निर्यात सुविधा केंद्र असले, तरी अळी पडलेला आंबा उष्णजलात बुडवून विकण्याजोगा होत नाही, त्यामुळे खरे काम बागेतच करावे लागते.

केसरची काढणी मे महिन्यात रेंगाळली आणि वळवाचा पाऊस पडला, की ओलसर जमिनीतील कोषांतून माश्या निघू लागतात व नेमकी उशिराची फळे डागतात. त्याआधीच मिथाइल युजेनॉल या नर माश्यांना आकर्षित करणाऱ्या रसायनाचे रक्षक सापळे टांगणे, पडफळे रोज वेचून खोल खड्ड्यात पुरणे, झाडाखालची माती हलवून कोष उन्हात उघडे पाडणे आणि फळांना कागदी पिशव्या घालणे हे उपाय केले जातात. सापळ्यात केवळ नर सापडतात, म्हणून भरलेला सापळा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे असते. नरांची संख्या घटल्याने माद्यांचे मीलन कमी व्हावे, यासाठी शेजारच्या गटांतील शेतकऱ्यांनीही एकाच वेळी सापळे लावणे आवश्यक ठरते. कारले, दोडका अशा वेलवर्गीय पिकांवरील माशीला मिथाइल युजेनॉल आकर्षित करत नाही. तिथे क्यू-ल्यूर हे दुसरे आकर्षक रसायन वापरतात.

जालना परिसरातील मोसंबीत निदानाचा घोळ होतो, कारण रस शोषणारा पतंगही फळाला छिद्र पाडतो व फळगळ घडवतो. पतंगाची अळी फळात नसते; ती गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. त्यामुळे गळलेले फळ कापून आत अळी आहे का, हे पाहिल्यावाचून सापळ्यांवर खर्च करू नये.

निर्यातीच्या बागेत रासायनिक अवशेषांची मर्यादाही पाळावी लागते. त्यासाठी शेवटची फवारणी आणि काढणी यांत लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ राखतात व फवारणीच्या तारखा बागेच्या नोंदवहीत लिहून ठेवतात.