फोलेगांद्रोस बेटावर जाताना : आमच्या प्रवाशांसाठी माहिती

ग्रीसला जाणारे बहुतेक जण सँटोरिनी मागतात. तिथून जलद बोटीने साधारण तासाभरावर फोलेगांद्रोस आहे, जेमतेम ३२ चौरस किलोमीटरचं. विमानतळ नाही. वस्त्या मुख्यतः तीन: बंदरावरची करावोस्तासी, कड्यावरचं होरा आणि शेतकऱ्यांचं आनो मेरिया. या तिन्हींमध्ये बस धावते, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायची गरज सहसा पडत नाही.

इथे किमान तीन रात्री राहा. सकाळी येऊन संध्याकाळी परतायचं असेल, तर हे बेट आम्ही सुचवतच नाही. होरा गाव खुलतं ते ऊन उतरल्यावर. चौकांत झाडांखाली टेबलं मांडली जातात आणि गावाच्या आत वाहनं येत नसल्याने मुलं मोकळी खेळतात. पलीकडच्या जुन्या कास्त्रोत (म्हणजे किल्ल्यात) घरांच्या मागच्या भिंतीच गडाची तटबंदी झाल्या आहेत आणि त्या घरांत आजही माणसं राहतात. गावाच्या वरच्या पानाजिया चर्चकडे नागमोडी पायवाट जाते. सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी निघा. चर्चमध्ये जायचं तर खांदे झाकलेले असू द्या.

आनो मेरियाला एक सकाळ नक्की द्या. तिथे एकेका लिंबोणीच्या झाडाभोवती दगडांची गोल भिंत रचलेली दिसेल. चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड. वाऱ्यापासून झाड वाचवायला केलेली ही सोय.

हाच वारा तुमच्या सहलीचंही वेळापत्रक ठरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेलतेमी सुटतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, तरी बोटी रद्द होतात. त्यातही जलद बोटी आधी थांबतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री आम्ही अथेन्सचा मुक्काम ठेवतो. तो कमी करून पैसे वाचवू नका, ही कळकळीची विनंती. शक्य असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा.

जेवणाची शाकाहारी मंडळींनी फार काळजी करू नये. फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच म्हणा), ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, चीज आणि पाव बहुतेक ठिकाणी मिळतो. हाताने केलेला मात्साता पास्ता इथली खासियत, पण तो बहुधा ससा किंवा कोंबड्याच्या रश्श्याबरोबर येतो; साध्या टोमॅटो सॉसमध्ये मिळेल का, ते आधी विचारा. तिथल्या ख्रिस्ती उपवासाचे म्हणून सांगितलेले पदार्थ मांसविरहित असले, तरी त्यांत ऑक्टोपस किंवा कोळंबी असू शकते.

कातेर्गो किनाऱ्यावर सावली नाही, दुकानही नाही. टोपी, पाणी आणि खाऊ सोबत घ्या. दुपारी साधारण तीन ते साडेपाच गावाची विश्रांतीची वेळ असते, तेव्हा गल्लीत मोठ्याने बोलू नये. टॉयलेट पेपर कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, नाहीतर सांडपाण्याचे पाइप तुंबतात.

ग्रीसला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. कागदपत्रं आमच्याकडे निदान दोन महिने आधी द्या, आणि जेवणाची पथ्यं तेव्हाच लिहून कळवा.