एडी करंट लेव्हल टू: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

शटडाऊनचा हंगाम आला की रिफायनऱ्या, खत कारखाने, वीज केंद्रं सगळीकडे कंडेन्सर आणि हीट एक्स्चेंजरच्या नळ्या तपासायला माणसं लागतात. जाहिरातीत एक ओळ ठरलेली: 'ईटी लेव्हल टू, एसएनटी-टीसी-१ए'. ईटी म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक टेस्टिंग. एडी करंट हे त्यातलं एक तंत्र: कॉइलने धातूत वीजप्रवाह निर्माण करून, नळी न तोडता दोष शोधायचा. हे सर्टिफिकेट ट्रेनिंग देणारी इन्स्टिट्यूट देते, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही.

एसएनटी-टीसी-१ए ही अमेरिकेतल्या एएसएनटी संस्थेने शिफारस केलेली पद्धत आहे आणि तिच्यात सर्टिफिकेट देते ती तुमची कंपनी, स्वतःच्या लेखी कार्यपद्धतीनुसार. इन्स्टिट्यूटचं कार्ड म्हणजे तुम्ही शिकलात आणि परीक्षा दिलीत, एवढाच पुरावा. नोकरी सोडली की कंपनीचं सर्टिफिकेटही संपतं. मालक बदलला तरी टिकणारं हवं असेल तर आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाचा मार्ग वेगळा. त्यासाठी आपल्याकडे चेन्नईची आयएसएनटी ही संस्था आहे.

इन्स्टिट्यूट सहसा बारावी विज्ञान, आयटीआय किंवा डिप्लोमा मागतात. खरी अडचण तासांची. लेव्हल वनला ४० तास ट्रेनिंग आणि ईटीत २१० तास काम. लेव्हल टूला आणखी ४० तास आणि ६३० तास. लेव्हल वन न करता थेट टूला बसायचं तर दोन्हींची बेरीज लागते: ८० तास ट्रेनिंग, ८४० तास ईटी आणि एनडीटीत, म्हणजे वस्तू न तोडता करायच्या सगळ्या तपासण्या धरून, एकूण १६०० तास. ईटीत एडी करंटखेरीज इतर तंत्रंही येतात. पितळ, क्युप्रोनिकेल, टायटॅनियम, स्टेनलेसच्या नळ्यांना साधं एडी करंट चालतं. कार्बन स्टील चुंबकीय असल्यामुळे तिथे रिमोट फील्ड हे ईटीचंच दुसरं तंत्र वापरतात. म्हणून कोणत्या तंत्राचे किती तास, हे पत्रात वेगळं लिहून घ्या.

कागदपत्रांत शैक्षणिक गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, ट्रेनिंगचा दाखला, डोळ्यांचा रिपोर्ट आणि अनुभवपत्र एवढं लागतं. माझा पहिला अर्ज अनुभवपत्रावरच अडला. 'सदर कर्मचारी दोन वर्षे एनडीटी विभागात कार्यरत होते', एवढंच त्यात होतं. तासांचा पत्ताच नव्हता. हवं ते असं: 'कंडेन्सर ट्यूब, एडी करंट, बॉबिन प्रोब, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, इतके तास, लेव्हल टूच्या देखरेखीखाली', खाली सही-शिक्का. (बॉबिन प्रोब म्हणजे नळीच्या आतून सरकवायची कॉइल.) डोळ्यांच्या रिपोर्टमध्ये जवळचं वाचन जेगर तक्त्यातल्या क्रमांक २ च्या अक्षरांवर, निदान एका डोळ्याने, १२ इंचांवरून, आणि रंगांतला फरक ओळखता येतो का, हे नोंदवलेलं असावं. 'दृष्टी सामान्य' असा शेरा मारून दिलेला रिपोर्ट परत येतो.

एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी लागते का, असंही विचारतात. ती रेडिओग्राफीवाल्यांची भानगड. इथे किरणोत्सर्ग नाही, कॉइल आणि वीज आहे.

परीक्षा तीन: जनरल, स्पेसिफिक, प्रॅक्टिकल. प्रत्येकात किमान ७० टक्के हवेतच, पण सरासरी ८० लागते. तिन्हीत ७०-७० घेऊन आलात तर नापास. मुलं अडखळतात ती प्रॅक्टिकलला. कॅलिब्रेशन नळीत आरपार भोक आणि २०, ४०, ६०, ८० टक्के खोलीचे खड्डे असतात. स्क्रीनवर आरपार भोकाचा सिग्नल साधारण ४० अंशांच्या कोनावर आणून ठेवायचा. मग बाहेरचा खड्डा जितका उथळ तितका कोन मोठा, आणि ४० च्या खाली उतरला की दोष आतल्या बाजूचा. कोन पाहायचा सोडून सिग्नलच्या उंचीवरून खोली सांगणारा हमखास चुकतो.

सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं, जवळच्या नजरेची तपासणी मात्र दरवर्षी. कंपनी बदलताना जुन्या सर्टिफिकेटचा पुरावा, गुणांची नोंद आणि तासांचं पत्र निघायच्या आधीच हातात घ्या: नवा मालक जुन्याच लेव्हलला पुन्हा सर्टिफाय करू शकतो, पण परीक्षा घेऊन आणि सहा महिन्यांच्या आत.