अनौपचारिक स्पारिंग मेळावे

वेगवेगळ्या गुरूंकडे किंवा वेगवेगळ्या युद्धकलांत तयार झालेली माणसे आपसांत ठरवून जमतात आणि एकमेकांशी सरावाच्या लढती करतात, अशा भेटींना स्पारिंग मेळावे म्हणतात. पंच नसतो, गुण मोजत नाहीत, निकाल लागत नाही. ब्राझीलियन जुजुत्सू या पकडींच्या कुस्तीत अशा मोकळ्या वेळेला ‘ओपन मॅट’ म्हणतात. ताई-चीवाले हाताला हात लावून एकमेकांचा तोल काढण्याचा ‘तुईशौ’ खेळायला बागेत जमतात, तर जुन्या युरोपीय तलवारबाजीचे अभ्यासक बोथट पोलादी तलवारी घेऊन येतात. आव्हानाच्या लढतीशी मात्र याची गल्लत करू नये. परक्या दोजोत, म्हणजे युद्धकलेच्या तालमीत, शिरून तिथल्या लोकांना ललकारण्याला जपानीत ‘दोजो याबुरी’, शब्दशः दोजो फोडणे, म्हणतात. तिथे कोण भारी एवढाच प्रश्न असतो. मेळाव्यात आज ज्याच्याशी लढायचे त्याच्याशीच पुढच्या वेळीही लढायचे असते. त्याचा गुडघा गेला तर आपलाच जोडीदार गेला.

हेतू

अंग सैल सोडून उभ्या राहिलेल्या जोडीदारावर डाव बसतो. तो विरोध करू लागला की तोच डाव हातातून निसटतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान स्थापून ज्यूदोला रूप दिले, तेव्हा ठोसे-लाथांसारखे घातक प्रकार त्यांनी ठरीव हालचालींच्या सरावापुरते, म्हणजे ‘काता’पुरते, ठेवले आणि फेकी व पकडी ‘रांदोरी’त, म्हणजे मोकळ्या लढतीत, खऱ्या विरोधापुढे करायला लावल्या. डाव कमी झाले, पण उरलेले रोज पारखता येऊ लागले. जपानी तलवारबाजीत हीच सोय साधनांनी झाली: अठराव्या शतकात शिनाई ही बांबूची सरावाची तलवार आणि संरक्षक पोशाख रुळले आणि घाव अर्ध्यावर न थांबवता मारणे शक्य झाले.

शाळेत मोकळी लढत होत असताना बाहेर कशाला जायचे? कारण एका गुरूचे शिष्य चुकाही सारख्याच करतात आणि त्या एकमेकांत बेमालूम बसतात. क्योकुशिन कराटेत हातमोजे न घालता मुठीने छाती-पोटावर जोरात मारतात, डोक्यावर लाथही चालते; पण चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी आहे. साहजिकच तिथे वाढलेल्याचे हात खाली राहतात. बॉक्सर पुढच्या पायावर भार टाकतो, कारण त्या पायाला लाथ बसेल ही शक्यता त्याच्या खेळातच नाही. दोघे समोरासमोर आले की पहिल्या मिनिटातच दोघांना आपापली भोके सापडतात. मेळाव्याचा खरा माल हाच. धीर वाढणे, दम वाढणे, ओळखी होणे हे फायदे आहेतच, पण ते अन्यत्रही मिळतात.

तीव्रता

भांडण होते ते इथे. लढतीआधी दोघे ‘तीस टक्के’ किंवा ‘निम्म्या जोराने’ असे ठरवतात. पण प्रत्येकाची टक्केवारी आपापल्या अंगाची. नव्वद किलोच्या माणसाचे तीस टक्के साठ किलोच्या माणसाला सत्तर वाटतात. शिवाय टक्का कशाचा, गतीचा की जोराचा? मुरलेले लोक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात: हात पूर्ण वेगाने जातो, पण लागल्यावर पुढे रेटत नाही. नवख्याला हे जमत नाही. तो वेग वाढवायला गेला की जोर आपोआप येतो.

दोघांनी हलकेच खेळायचे ठरवलेले असते. एकाचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, दुसऱ्याच्या नाकाला निसटता लागतो, डोळ्यांत पाणी येते. तो परत मारतो, त्याच्या मते तेवढ्याच जोराने. तो ठोसा पहिल्याला जास्त लागतो. दुसऱ्या मिनिटाला दोघांचे ओठ आवळलेले असतात, श्वास नाकातून फुसफुसत असतो आणि फेरी संपल्यावर दोघेही मनापासून सांगतात की सुरुवात समोरच्याने केली. कोणी खोटे बोलत नसतो. लंडनमधील संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दोन माणसांनी आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब द्यायचा होता, आपल्याला मिळाला तेवढाच. प्रत्येक पाळीला दाब वाढत गेला. आपण स्वतः लावलेला जोर मेंदू कमी धरतो. (स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्यामागेही हेच आहे.) म्हणून ‘मला लागले तेवढेच मी मारले’ हा हिशेब मुळातच चुकतो. मिळाले त्यापेक्षा कमी द्यायचे, हा जाणत्यांचा प्रघात या मोजमापाशी जुळतो.

थायलंडमधील मुए थाई या ठोसे-लाथांच्या खेळातले लढवय्ये सरावात बहुधा हलकेच खेळतात. वारंवार रिंगणात उतरणाऱ्याला सरावात मार खाणे परवडत नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील ‘डॉग ब्रदर्स’ हा काठीबाजांचा गट. १९८८ पासून त्यांच्या मेळाव्यांत तलवारबाजीचा मुखवटा, हलके हातमोजे आणि वेताच्या खऱ्या काठ्या वापरून पूर्ण जोराने लढतात. अट एवढीच की दिवस संपताना मैत्री टिकावी. हेही मेळावेच, पण तिथे येणारा काय स्वीकारतोय हे त्याला आधी ठाऊक असते. आक्षेप घ्यावा तो हलक्या लढतीला आलेल्याला जड लढत देण्यावर.

साधने घातली की डोके सुरक्षित, हा भाबडेपणा इथे महागात पडतो. सरावात बॉक्सर साधारण १६ औंसांचे हातमोजे घालतात, व्यावसायिक लढतीत ८ किंवा १० औंसांचे. हेडगियरने कपाळ फुटत नाही, कान वाचतात. पण कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. पुरुषांच्या वरिष्ठ हौशी बॉक्सिंगमधून २०१३ मध्ये हेडगियर काढण्यात आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याविना लढले. डोक्याला मार लागून गरगरले, मळमळले, क्षणभर काही आठवेनासे झाले, तर त्या दिवशी पुन्हा लढायचे नाही हा वैद्यकीय दंडक आहे. ‘बरा आहे मी’ हे त्या वेळी त्याचे त्याने सांगितलेले धरू नये.

पकडींच्या लढतीत जोर जास्त चालतो, कारण ‘टॅप’ आहे: दोन थापा, आणि समोरचा सोडतो. तरी टाच पिळून गुडघा मुरगाळणारा ‘हील हुक’ याला अपवाद. त्यात दुखायला लागेपर्यंत अस्थिबंध तुटलेला असू शकतो. त्यामुळे अनोळखी माणसाशी तो चालेल का, हे आधी विचारतात. तलवारबाजीच्या मेळाव्यात वार लागला हे ज्याला लागला त्यानेच हात वर करून सांगायचे असते. जाड जाकिटातून हलका वार कळतच नाही, आणि न कबूल झालेला वार दुसऱ्यांदा जोरात येतो. तिथली बरीचशी तीव्रता अशी चढते.

पंच नसल्यामुळे थांबवणारा कोणीतरी नेमावा लागतो, नाहीतर सगळे कडेला उभे राहून एकमेकांकडे पाहतात. मेळाव्यात सर्वांत जड हात बहुधा सर्वांत नवख्याचा असतो: खांदे ताठ, श्वास रोखलेला, प्रत्येक ठोसा शेवटचा असल्यासारखा. म्हणून पहिल्या फेरीत दोन नवखे समोरासमोर उभे करत नाहीत; नवख्यासमोर मेळाव्यातला सर्वांत शांत जुना गडी देतात.