कच्छचे रण : खान्देशातून जाण्याचा काळ

कच्छचे पांढरे रण, मांडवीचा समुद्रकिनारा, काळा डुंगर, धोळावीरा आणि वाटेतले छोटे रण ही ठिकाणे कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाहावीत, याचा हा हिशेब आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुटुंबांची लांबची सहल बहुधा दिवाळीच्या सुटीत ठरते आणि नेमके त्याच दिवसांत रण पुष्कळदा ओले असते. पुढचा बराचसा मजकूर या एका अडचणीभोवती फिरतो.

पाणी ओसरण्याचा काळ : रणाला आपण वाळवंट म्हणत असलो, तरी वर्षातले काही महिने ते उथळ खारे सरोवरच असते. जमीन जवळजवळ समुद्रसपाटीला आणि कमालीची सपाट. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्राचे पाणी आत लोटतो. मोठ्या रणात (पांढरे रण त्याचाच भाग) लुणी नदी येते, छोट्या रणात बनास आणि रूपेण, आणि वरून पाऊस. एवढ्या पाण्याला बाहेर पडायला उतार नाही आणि खालची चिकण माती ते जिरू देत नाही. त्यामुळे ते उन्हाने उडून जाण्याचीच वाट पाहावी लागते. ऑक्टोबरपासून पाणी आटू लागते आणि दुधावर साय धरावी तसा मिठाचा पातळ थर वर येतो. या थरावर लवकर पाय टाकला की तो फुटतो, खालचा काळपट चिखल वर येतो आणि पाऊल उचलताच त्या खळग्यात खारे पाणी भरते. बूट वाळल्यावर कडेने पांढरी रेघ उमटते, ती नुसत्या पुसण्याने जात नाही.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत हा थर बहुतेक ठिकाणी माणसाचे वजन पेलण्याइतका घट्ट होतो. त्यावर उंचावलेल्या कडांच्या पंचकोनी, षट्कोनी चकत्या दिसू लागतात. तेव्हापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पुढे वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीने मीठ मळकट होते आणि दुपारी क्षितिजावर मृगजळ नाचू लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. भुसावळच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हा आकडा नवा नाही, पण भुसावळला निदान निंबाची सावली मिळते. थंडीचे मात्र उलटे. कच्छमधल्या नलियाचे नाव गुजरातच्या सर्वांत थंड ठिकाणांत नेहमी येते आणि रात्री उघड्या रणावर वारा झोंबतो. धुळ्याची पाच-सहा अंशांची पहाट सोसलेल्यांनीही स्वेटर-कानटोपी घरी ठेवू नये.

दिवाळीची सुटी : दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. अधिक मासाच्या वर्षी ती पुढे सरकते आणि त्या वर्षी रण कोरडे मिळण्याची शक्यता थोडी वाढते. मात्र पाऊस लांबला असेल तर तेही गणित बिघडते. शिवाय दिवाळीनंतरचे दिवस हे गुजराती कुटुंबांचे फिरण्याचे दिवस. त्यांचे नवे वर्ष बलिप्रतिपदेला सुरू होते, बरीच दुकाने लाभपाचमीला उघडतात आणि तोवर भुजपासून मांडवीपर्यंतच्या खोल्या भरलेल्या असतात. म्हणजे गर्दी पुरेपूर आणि मीठ अर्धेच. पांढऱ्या रणाच्या काठावरच्या धोरडो गावचा रणोत्सव साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालतो. पण उत्सव सुरू झाला म्हणजे रण वाळले असे धरून चालू नये. संक्रांतीचा बेत असेल तर १४ आणि १५ जानेवारी, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, हे दोन दिवस गुजरात गच्चीवर पतंग उडवत असतो, हे लक्षात ठेवावे.

पौर्णिमा : चांदण्यातले रण पाहायला पौर्णिमेला झुंबड उडते आणि राहण्याचे दरही चढतात. खरे तर चतुर्दशी अधिक सोयीची. त्या दिवशी सूर्य मावळण्याआधीच चंद्र पूर्वेला वर आलेला असतो आणि मिठावर दोन्हींचा उजेड एकदम मिळतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, प्रतिपदेला त्यानंतर साधारण तासाभराने. डिसेंबरातली मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. तापीकाठच्या सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार याच तिथीला सुरू होतात. शहादा-दोंडाईचा भागातली घरे त्या दिवशी गाव सोडत नाहीत. त्यांना जानेवारीतली पौष पौर्णिमा बरी, शिवाय तोवर कापसाची बरीच वेचणीही उरकलेली असते. ज्यांना दत्तदर्शन चुकवायचे नाही त्यांच्यासाठी कच्छमध्येही सोय आहे. काळा डुंगर हा कच्छमधला सर्वांत उंच डोंगर (सुमारे ४६० मीटर), आणि त्यावर दत्तात्रेयाचे मंदिर आहे. तिथे दुपारी आणि संध्याकाळी आरतीनंतर कोल्ह्यांना शिजवलेल्या भाताचा प्रसाद ठेवतात. संध्याकाळच्या आरतीला थांबले तर डोंगरावरून सूर्यास्तही दिसतो. मात्र त्या दिवशी धोरडोचा सूर्यास्त हुकतो.

दिवसाची वेळ : कच्छ खान्देशच्या सुमारे सहा रेखांश पश्चिमेला आहे. डिसेंबरात धोरडोला सूर्य जळगावपेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा उगवतो आणि पंधरा-वीस मिनिटे उशिरा मावळतो. घरच्या सवयीने पहाटे सहाला निघालेल्यांना त्यामुळे बराच वेळ अंधारात काढावा लागतो. भर दुपारी रणाचा पांढरेपणा डोळ्यांना सहन होत नाही आणि फोटोतही सगळे सपाट येते. भुजपासून धोरडो सुमारे ८० किमी. उत्तरेला आहे. वाटेत भिरंडियाराला ओळखपत्र दाखवून परवाना घ्यावा लागतो, म्हणून रांगेचा वेळ धरून भुजहून दुपारी दोनच्या आत निघालेले बरे. भिरंडियाराचा मावा प्रसिद्ध आहे. तो बन्नी या तिथल्या गवताळ पट्ट्यातल्या म्हशींच्या दुधाचा असतो, आणि रांगेतला कंटाळा त्याने निश्चित कमी होतो.

मांडवी भुजच्या दक्षिणेला सुमारे ६० किमी. म्हणजे दोन्हीकडचे सूर्यास्त एका दिवसात बसत नाहीत, आणि बसवण्याचा खटाटोप करू नये. रणासाठी पौर्णिमा साधली असेल तर त्याच दोन-तीन दिवसांत समुद्राला उधाण असते. भरतीची रेषा किनाऱ्यावर बरीच वर येते आणि ओहोटीला पाणी दूर जाते. समुद्र न पाहिलेल्या पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. रुक्मावती नदीच्या मुखाशी लाकडी गलबते बांधण्याचे काम कोणत्याही वेळी पाहता येते, त्यासाठी दुपार ठेवावी.

धोळावीरा हे खडीर बेटावरचे हडप्पाकालीन नगर, २०२१ पासून जागतिक वारसा यादीत. तिथले प्रचंड जलाशय पाहायला दोन-तीन तास उघड्यावर चालावे लागते, म्हणून सकाळ. भुजच्या उत्तरेकडच्या खावडा गावाकडून तिथे जाणारा रस्ता रणाच्या मधून जातो आणि कोरड्या मोसमात दोन्ही बाजूंना पांढरे मीठ दिसते.

प्रवास : जळगावहून भुज रस्त्याने ९०० किमी.च्या जवळ पडते. सुरत-भुसावळ मार्गाने नंदुरबारवरून सुरत, पुढे अहमदाबाद आणि मग भुज हा नेहमीचा क्रम. जाण्या-येण्यात दोन दिवस जातात, तेव्हा मध्ये चार दिवस नसतील तर निघू नये. अहमदाबाद-भुज वाटेवर ध्रांगध्राजवळ थांबले तर छोट्या रणातली रानगाढवे, म्हणजे घुडखर, सकाळी कळपाने दिसतात. तिथले आगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे लोक, पाऊस संपल्यावर रणात उतरतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी बाहेर पडतात. मिठाचे काम पाहायचे असेल तर जानेवारीनंतरच जावे. रानगाढवांचे अभयारण्य पावसाळ्यात बंद असते.

दिवाळीशिवाय सुटीच नसेल तर क्रम उलटा लावावा : आधी भुज, मांडवी, धोळावीरा आणि रण शेवटच्या दिवशी, तेही धोरडोला फोन करून वाळले का ते विचारल्यावर. नाहीतर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार गाठावे. उल्काघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेल्या सुमारे १.८ किमी. व्यासाच्या विवरातले हे सरोवर खारे आणि अल्कधर्मी आहे. पावसानंतर ते भरलेले आणि भोवतालची झाडी हिरवी असते. खान्देशातून एका मुक्कामात ते पाहून होते.