झाकलेली विंडो कुणाच्या लक्षात राहते?

विंडोज ९८ किंवा एक्सपी वापरलेल्यांना आठवत असेल: एखादा प्रोग्राम हँग व्हायचा, त्याच्यावरून दुसरी विंडो ओढत नेली की तिच्या ठशांची लांबलचक शेपटी मागे उरायची. या गमतीचं मूळ मेमरीच्या टंचाईत आहे.

झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७३ साली अल्टो हा संगणक तयार झाला. स्क्रीन ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा, निव्वळ काळापांढरा. तरी तेवढ्या चित्राला सुमारे ६० किलोबाइट लागत आणि यंत्राची मूळ मेमरी होती १२८ किलोबाइट! अशा यंत्रावर झाकलेल्या विंडोची वेगळी प्रत कुठे ठेवणार?

ॲपलचा बिल ॲटकिन्सन १९७९ मध्ये पार्कला भेट देऊन आला. मागच्या, अर्धवट झाकलेल्या विंडोतही तिथे चित्र आपोआप काढलं जातं, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात तसं नव्हतंच. पण त्यांना जमलंय म्हटल्यावर आपल्यालाही जमायला हवं, या हट्टानं त्यानं विंडोचा वेडावाकडा उघडा भाग मोजून तेवढाच रंगवण्याची पद्धत शोधली. ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश या संगणकांच्या विंडो तिच्यावरच चालल्या. गैरसमजातून इतकं चांगलं क्वचितच काही निघतं. विंडोजच्या १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत तर प्रोग्रामच्या विंडो एकमेकींवर येऊच शकत नसत, फरश्यांसारख्या शेजारीशेजारी बसत.

एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमनं, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या व्यवस्थेनं, झाकलेला भाग लक्षात ठेवायची जबाबदारी साधारणपणे घेतलीच नाही. विंडोचा भाग उघडा पडला की तिचा सर्व्हर, म्हणजे स्क्रीन सांभाळणारा भाग, त्या प्रोग्रामला निरोप धाडायचा, ‘एवढा तुकडा पुन्हा काढ.’ विंडोजमध्येही तीच रीत होती. निरोप घेणाराच हँग झाला असेल, तर तुकडा काढणार कोण? म्हणून ती शेपटी.

मेमरी स्वस्त झाली, ग्राफिक्स कार्डं आली, तसा हिशेब बदलला. २००१ च्या मॅक ओएस एक्समध्ये प्रत्येक विंडो आपल्या स्वतंत्र पाटीवर चित्र काढू लागली आणि कंपोझिटर त्या पाट्या एकावर एक रचून स्क्रीन तयार करू लागला. आजचा फुल एचडी स्क्रीन भरणारी अशी एक पाटी सुमारे ८ मेगाबाइटची असते, म्हणजे अल्टोच्या अख्ख्या मेमरीच्या साठपटीहून जास्त. विंडोज व्हिस्टानं २००७ मध्ये हाच मार्ग धरला. लिनक्सवर २००८ साली सुरू झालेल्या वेलँड या विंडो दाखवण्याच्या नव्या व्यवस्थेत तर कंपोझिटर हाच सर्व्हर.

हँग झालेला प्रोग्राम आता शेपटी सोडत नाही. शेवटची पाटी धरून शहाण्यासारखा बसून राहतो आणि तो अडकलाय हे आपल्याला चार क्लिक वाया गेल्यावर कळतं.